सहलीचा जमाखर्च

व्यापारी घरातील मुलाला पहिला धडा मिळतो तो मापाचा. जेवढे सांगितले तेवढे द्यावयाचे आणि जेवढ्याचे दाम मोजले तेवढे घ्यावयाचे. दुकानात मीटरभर कापडात दोन बोटे कमी भरली तर गिऱ्हाईक परत येते, आणि दुकानदारही कुरकुर न करता ते बदलून देतो. कारण पेढीची पत त्या दोन बोटांवर उभी असते. मात्र हाच व्यापारी स्वतः गिऱ्हाईक होऊन सहलीला निघतो, तेव्हा त्याला मापाचा विसर पडतो. रंगीत माहितीपत्रक पाहून तो लाखांची रक्कम भरतो, माप कमी भरले तरी गप्प बसतो आणि गावात परतल्यावर ‘सहल छान झाली’ असे सांगतो. हे गप्प बसणे कोठून येते, आणि त्याची किंमत कोण चुकवते, याचा विचार महागाव येथील एका कुटुंबाच्या अनुभवावरून करता येईल.

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हे नागपूरहून यवतमाळमार्गे नांदेड व तुळजापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील तालुक्याचे गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या पैशावर येथील बाजारपेठ चालते. या बाजारपेठेत कापडाचे जुने दुकान असलेले एक जैन कुटुंब राहते. कर्ते गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, त्यांच्या पत्नी चौसष्टच्या. चार दशकांच्या संसारात दोघांचा प्रवास म्हणजे शिखरजी, पालिताणा, नात्यातील लग्ने आणि माल भरण्यासाठी सुरत. केवळ डोळे भरून पाहण्यासाठी ती दोघे कोठे गेली नव्हती.

धाकटा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत असल्याचे निमित्त साधून त्याने सिक्कीम-दार्जिलिंगची नऊ दिवसांची सहल ठरवली. मोठ्या गटात वयस्कर माणसांची फरफट होते, म्हणून त्याने मुद्दाम महागडी ‘छोट्या गटाची’ सहल निवडली. माहितीपत्रकात चार गोष्टी ठळक अक्षरांत छापल्या होत्या : कमाल बारा प्रवासी, गंगटोक येथे मध्यवर्ती हॉटेल, शुद्ध जैन भोजन आणि नाथू ला खिंडीचे दर्शन. दर माणशी ९८,००० रुपये. दोघांचे १,९६,०००, त्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर ९,८००. एकूण २,०५,८०० रुपये. विमानाचे भाडे निराळे. मुलाने सर्व रक्कम एकरकमी भरली आणि पावती वडिलांच्या मोबाइलवर पाठवली.

वडिलांच्या मनात त्या चार गोष्टींपैकी एकच ठसली होती, ती म्हणजे नाथू ला. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये या खिंडीत भारतीय सैन्याने चिनी सैन्याला खंबीर उत्तर दिले, तेव्हा ते शाळेत होते. गुरुजींनी फळ्यावर नकाशा काढून खिंडीची जागा दाखवली होती. ती जागा पाहावी, तेथील जवानांना हात जोडावेत, ही इच्छा तेव्हापासूनची. खिंडीची उंची १४,१४० फूट. हृदयाची तपासणी करून डॉक्टरांनी या वर्षी जाण्यास हरकत नसल्याचे सांगितले. पुढील वर्षाचे पुढील वर्षी पाहू, असेही ते म्हणाले.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला. लग्नसराईच्या खरेदीची गर्दी सुरू होण्याच्या तोंडावर दुकान थोरल्या मुलावर सोपवून दोघे निघाली. नागपूरहून कोलकात्यामार्गे बागडोगरा. विमानतळावर पोहोचताच पहिला धक्का बसला. त्यांच्या बारा जणांच्या गटात दुसरा चौदा जणांचा गट मिसळण्यात आला होता. ‘व्यवस्थेच्या दृष्टीने’ एवढेच कारण सहल व्यवस्थापकाने सांगितले. डोंगराळ रस्त्यांवर मोठी बस चालत नाही, लहान गाड्या कराव्या लागतात. सव्वीस माणसे पाच गाड्यांत बसली. व्यवस्थापक पहिल्या गाडीत. उरलेल्या चार गाड्यांचा वाटाड्या म्हणजे गाडीचा चालक. महागावची जोडी पाचव्या गाडीत होती. पहिल्या गाडीतील मंडळींना जे सांगितले जाई, ते पाचव्या गाडीपर्यंत पोहोचेतो पुढे निघण्याची वेळ झालेली असे.

गंगटोक येथील हॉटेल मध्यवर्ती नव्हते. शहराखाली काही किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला होते. माहितीपत्रकात हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरांत ‘किंवा तत्सम’ असे दोन शब्द होते, ते व्यवस्थापकाने दाखवून दिले. बाजारात किंवा महात्मा गांधी मार्गावर जावयाचे तर प्रत्येक वेळी वेगळी टॅक्सी. त्या टॅक्स्यांवर चार दिवसांत २,४०० रुपये गेले.

खरी अडचण भोजनाची झाली. दोघांचा चौविहाराचा नियम अनेक वर्षांचा. ‘शुद्ध जैन भोजन’ हे शब्द वाचून त्यांनी आणखी काही विचारले नव्हते. कंपनीच्या लेखी जैन भोजन म्हणजे कांदा, लसूण आणि बटाटा वगळलेली भाजी. ती वाढण्याची वेळ रात्री साडेआठ. आपल्या देशात घड्याळ एकच असले तरी सूर्य एकच वेळ पाळत नाही. गंगटोक महागावच्या पूर्वेस सुमारे अकरा रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने पाऊण तासाचा फरक पडतो. त्यात गंगटोक उत्तरेस अधिक असल्याने हिवाळ्यातील दिवसही तेथे आणखी लहान. नोव्हेंबरच्या अखेरीस महागावात साडेपाच वाजून गेल्यावर मावळणारा सूर्य गंगटोक येथे पावणेपाचच्या सुमारास मावळतो. त्या वेळी पाचही गाड्या घाटातच असत.

पहिल्या दिवशी बाईंनी सोबतच्या डब्यातील खाखरा व सुका मेवा यांवर भागवले. तिसऱ्या दिवशी डबा रिता झाला. दुपारी एक वाजता जे पानात पडेल तेवढेच त्या दिवसाचे अन्न, असा क्रम सुरू झाला. व्यवस्थापकाला सांगितले असता तो म्हणाला, “आजी, एवढ्या लवकर स्वयंपाकघर सुरू होत नाही. सहलीत थोडे जमवून घ्यावे लागते.” बाई काही बोलल्या नाहीत. रात्री खोलीत पतीने विचारले, “भूक लागली आहे का?” त्यांनी हसून उत्तर दिले, “निर्जरा होते आहे, पण अकाम.” आपण होऊन, समजून केलेल्या तपाने होते ती सकाम निर्जरा, नाइलाजाने सोसलेल्या भुकेने होते ती अकाम. एकाशन त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा केले होते, परंतु ते पच्चक्खाण घेऊन. दुसऱ्याच्या निष्काळजीपणातून घडलेल्या उपवासाला तप म्हणता येत नाही, याची समज त्या एका वाक्यात होती.

चौथा दिवस नाथू लाचा. पहाटे गाड्या निघाल्या आणि छांगू सरोवराशी थांबल्या. पुढे जाणार नसल्याचे तेव्हा कळले. तो मंगळवार होता. नाथू ला सोमवारी व मंगळवारी पर्यटकांसाठी बंद असते. शिवाय तेथे जाण्याचा परवाना नोंदणीकृत पर्यटन व्यावसायिकामार्फत आधी काढावा लागतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘दिवस चौथा : छांगू, नाथू ला’ असे छापले होते, वार छापलेला नव्हता. ज्या दिवशी सहलीची तारीख ठरली, त्याच दिवशी या गटाला नाथू ला दिसणार नाही हेही ठरले होते. कोणी दिनदर्शिका उघडून पाहिली नव्हती, अथवा पाहूनही सांगितले नव्हते.

गृहस्थ गाडीतून उतरून सरोवराच्या काठाशी बराच वेळ उभे राहिले. खिंडीकडे वळत जाणारा रस्ता तेथून दिसत होता.

सहलीत सारेच वाईट घडले असे नाही, आणि हे नोंदवणे न्यायाचे होईल. दार्जिलिंगला टायगर हिलवर पहाट स्वच्छ निघाली आणि कांचनगंगेच्या शिखरावर पहिले ऊन पडलेले दोघांनी पाहिले. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणाऱ्या, १८८१ मध्ये पूर्ण झालेल्या त्या छोट्या रेल्वेत बसून त्या घूम स्थानकापर्यंत गेल्या, तेव्हा बाई लहान मुलीसारख्या खिडकीशी सरकून बसल्या होत्या. त्यांच्या गाडीचा चालक नेपाळी तरुण होता. तिसऱ्या दिवसानंतर तो स्वतः होऊन चार वाजता एखाद्या टपरीशी गाडी थांबवून त्यांच्यासाठी पाणी उकळून घेई. ही व्यवस्था माहितीपत्रकात नव्हती.

गावी परतल्यावर दुकानात येणारा प्रत्येक जण विचारी, “कशी झाली सहल?” उत्तर ठरलेले : “छान झाली.” मुलानेही पुण्याहून फोनवर तेच विचारले आणि त्यालाही तेच उत्तर मिळाले. मुलाने आपल्या कमाईतून दोन लाख रुपये खर्च केले आहेत, त्याला वाईट वाटेल, हा विचार त्यामागे होता. अनेक घरांत असेच घडते. मुले प्रेमाने पैसे खर्च करतात, आईवडील प्रेमाने गैरसोय लपवतात, आणि दोन्ही बाजूंच्या प्रेमाच्या आड ज्याने माप कमी दिले तो सुखरूप निसटतो.

दोन आठवड्यांनी कंपनीकडून मुलाच्या मोबाइलवर अभिप्रायाचा अर्ज आला. त्याने घरी फोन लावला. “बाबा, पाचपैकी पाच गुण देऊन टाकतो ना?” वडील क्षणभर थांबले. त्या थांबण्यात जे होते ते आईला पाहवले नाही. त्यांनी फोन हाती घेतला आणि म्हणाल्या, “पाच देऊ नकोस. खोटे कशाला लिहायचे?” मग सारे सांगितले. पलीकडे मुलगा बराच वेळ गप्प राहिला. अखेर तो एवढेच म्हणाला, “तुम्ही मला तिथूनच का नाही सांगितले? मी काय परका आहे?”

हा प्रश्न गृहस्थांना लागला. त्या रात्री त्यांनी वही काढून मधोमध रेघ मारली. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस नावे. त्यांनी हिशेब फार चोख केला. एके ठिकाणी दरड कोसळून रस्ता दोन तास बंद होता, ते कंपनीच्या नावे टाकले नाही. डोंगर कोणाच्या आज्ञेत नसतो. छांगूजवळ त्यांना दम लागला, तोही नाही. एके दिवशी धुक्यामुळे काही दिसले नाही, तेही नाही. नावे टाकले ते केवळ लिहून दिलेले आणि न मिळालेले. छोट्या गटाचे दाम घेऊन मोठ्या गटात नेले. त्याच कंपनीच्या दरपत्रकात याच मार्गावरील मोठ्या गटाची सहल माणशी ६२,००० रुपयांना होती. फरक माणशी ३६,०००, दोघांचे ७२,०००, त्यावरील कर ३,६००, एकूण ७५,६००. हॉटेल लांब असल्यामुळे टॅक्सीवर झालेला खर्च २,४००. बेरीज ७८,००० रुपये. भोजनाच्या ओळीपुढे त्यांनी रक्कम लिहिली नाही. नाथू लाच्या ओळीपुढेही जागा कोरीच ठेवली.

सोबत माहितीपत्रक, पावती, कार्यक्रमपत्रिका, पाच गाड्यांची छायाचित्रे आणि टॅक्सीच्या चिठ्ठ्या जोडून त्यांनी कंपनीला सभ्य भाषेत पत्र पाठवले. उत्तर आले की, झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे आणि पुढील सहलीवर वीस हजार रुपयांची सवलत देण्यात येईल. ते पत्र वाचून गृहस्थ थोरल्या मुलाला म्हणाले, “फाटका कपडा परत घेऊन आलेल्या माणसाला आपण पुढच्या खरेदीवर सूट देतो का? आधी त्याचे पैसे परत करतो.” सवलत नाकारण्यात आली.

येथे वाचकांनी कायद्याची बाजू समजून घेणे उपयुक्त ठरेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन दिलेली सहल ही या कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे. कबूल केलेले न देणे ही सेवेतील त्रुटी, आणि फसव्या जाहिरातीची दखलही हा कायदा घेतो. पूर्वी मोठी अडचण अशी होती की कंपनी मुंबईत आणि गिऱ्हाईक गावात. तक्रारीसाठी मुंबईस कोण जाणार? नव्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. म्हणजे महागावच्या माणसाला यवतमाळ पुरेसे आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, आणि ऑनलाइनही करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करण्याचा मार्ग आहे. ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे, ती आदेश देऊ शकत नाही. परंतु तक्रार कंपनीपुढे मांडून तडजोडीस वाट करून देते. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

महागावच्या प्रकरणात तसेच झाले. हेल्पलाइनवर नोंद झाली, जिल्हा आयोगाकडे जाण्याचा इरादा पत्राने कळवण्यात आला, आणि काही आठवड्यांनी कंपनीने ६०,००० रुपये परत करण्याची तयारी दाखवली. गृहस्थांनी ती स्वीकारली. अठरा हजारांसाठी वर्षभर तारखा मोजण्यापेक्षा खाते बंद करणे त्यांना श्रेयस्कर वाटले. हा व्यापाऱ्याचा निर्णय होता; दुसऱ्याने पूर्ण रकमेसाठी आयोगापुढे जाणे पसंत केले असते, तर तेही योग्यच ठरले असते.

मार्गदर्शित सहलीच्या व्यवसायाचा उगम शोधताना थॉमस कुक याचे नाव घेतले जाते. ५ जुलै १८४१ रोजी त्याने इंग्लंडमधील लेस्टरहून लॉफबरो येथे मद्यपानविरोधी सभेसाठी सुमारे पाचशे माणसे एका आगगाडीने नेली. भाडे माणशी एक शिलिंग. अनेकांची चिंता एकाने वाहावी, हे या व्यवसायाचे बीज. त्याच नावाची ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली, तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात अडकले आणि त्यांना परत आणण्याचे काम तेथील सरकारला करावे लागले. नाव जुने असले म्हणून जबाबदारी आपोआप पार पडत नाही.

आपल्या परंपरेला ही कल्पना नवीन नाही. तेराव्या शतकात मंत्री वस्तुपाल यांनी शत्रुंजय व गिरनारचे मोठे संघ काढले. आजही छ’री पालित संघ निघतात. संघपतीला माळ घातली जाते, त्या मानाबरोबर शेवटच्या यात्रेकरूच्या मुक्कामाची, पाण्याची व वेळेवर भोजनाची काळजीही त्याच्याकडे येते. संघात हजार माणसे असली तरी सूर्यास्ताची वेळ कोणास सांगावी लागत नाही. म्हणजे प्रश्न गट छोटा की मोठा हा नाही. पाचव्या गाडीत बसलेल्याची चिंता कोणाच्या माथी आहे, हा आहे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत व उत्तरेही लेखी घ्यावीत. गटात जास्तीत जास्त किती माणसे, आणि दुसरा गट मिसळला तर किती रक्कम परत मिळेल? हॉटेल कोणते, आणि ‘तत्सम’ ठरवणार कोण? भोजन जैन म्हणजे नेमके काय. कंदमूळ वर्ज्य आहे का, उकळलेले पाणी मिळेल का, आणि सूर्यास्तापूर्वी पान मांडले जाईल का? त्या ठिकाणी त्या महिन्यात सूर्यास्त किती वाजता होतो, हे आपणही पाहून ठेवावे. कार्यक्रमपत्रिकेतील प्रत्येक दिवसापुढे तारीख व वार लिहून मागावा, आणि ते स्थळ त्या वारी उघडे असते का याची खात्री करावी. परदेश सहल असेल तर रकमेवर स्रोतापाशी कर गोळा केला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, तेव्हा त्याचे प्रमाणपत्र मागण्यास विसरू नये. प्रवासात काही बिघडले तर त्याच दिवशी व्यवस्थापकाला संदेश पाठवून नोंद करावी. परतल्यावर केलेल्या तोंडी तक्रारीला पुरावा राहत नाही.

आणि एक सूचना मुलांसाठी. आईवडिलांना सहलीस पाठवताना तिकिटाबरोबर त्यांना बोलण्याची मोकळीकही द्यावी. ‘काही कमी पडले तर मला सांगा, मला वाईट वाटणार नाही’, एवढे वाक्य निघताना पुरेसे असते. आईवडिलांनीही लक्षात घ्यावे की मुलापासून लपवलेली गैरसोय त्याला अखेर कळतेच, आणि तेव्हा तिचे दुःख दुप्पट होते.

महागावच्या घरी परत आलेले साठ हजार रुपये वडिलांनी त्याच दिवशी मुलाच्या खात्यात जमा केले. मुलाने दुसऱ्या दिवशी ते परत पाठवले. ‘मे महिन्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या, मी रजा काढतो. आपण तिघे जाऊ, बुधवारी’ असा संदेश सोबत होता. वडिलांनी दिनदर्शिका काढली आणि वहीतील कोऱ्या ठेवलेल्या ओळीपुढे पेन्सिलीने एक तारीख लिहिली. डॉक्टरांचा होकार अद्याप यावयाचा आहे.